घटिकापात्र की सूर्यघड्याळ, पोरांसोबत काय बनवायचं?

विज्ञान प्रदर्शनासाठी पुतणीला जुन्या काळचं वेळ मोजायचं यंत्र हवं होतं, तर आम्ही गच्चीवर दोन्ही करून पाहिले. तुम्हीही ठरवून राहिले असाल तर आधी एक लक्षात घ्या, सूर्यघड्याळ आत्ता किती वाजले ते सांगतं आणि घटिकापात्र किती वेळ गेला ते.

घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळात पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि २४ मिनिटांत बुडते, ती एक घटिका, अशा ६० झाल्या की एक दिवस-रात्र. लग्नात जोशीबुवा सूर्योदय नाहीतर सूर्यास्ताला वाटी सोडून मुहूर्त धरायचे, म्हणजे सुरुवातीला सूर्य लागायचाच. आम्ही नागपूरच्या इतवारी बाजारातून वाटी आणली, पहिलं भोक मोठं पडलं आणि ती ९ मिनिटांतच खाली गेली, मग डाग देऊन बुजवलं, परत बारीक पाडलं, मोबाईलवर वेळ लावून चार-पाचदा जुळवलं तेव्हा कुठं २४ वर आली. पाणी गाळूनच घ्या, एक कण अडकला की सगळं बिघडतं. आणि मे महिन्यातलं गच्चीच्या टाकीचं तापलेलं पाणी नको, ते भोकातून पटकन शिरतं.

सूर्यघड्याळाला प्लायवूड पुरतं. जिची सावली वेळ दाखवते त्या उभ्या त्रिकोणी पट्टीचा कोन आपल्या अक्षांशाएवढा, नागपूरला २१ अंश, आणि चढती बाजू खऱ्या उत्तरेकडे. पण तासाच्या रेषा सारख्या अंतरावर मारू नका बरं का, आडव्या पाटीवर १२ ते १ मध्ये फक्त साडेपाच अंश येतात आणि ४ ते ५ मध्ये २१ च्या वर. शिवाय घड्याळातली वेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७९ वर, म्हणून सरासरी १४ मिनिटांचा फरक पडतो, त्यात पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला, म्हणून फेब्रुवारीत आपली सावली २८ मिनिटं मागे असते अन् नोव्हेंबरच्या सुरुवातीला उलट दोन-तीन मिनिटं पुढे. पोरीला वाटलं आपलंच चुकलं! आठवी-नववीचं पोर असेल तर हाच फरक वहीत लिहून काढण्यात खरी मजा आहे, मला स्वतःला तर हेच जास्त आवडलं.

पण पाचवी-सहावीचं पोर असेल, किंवा प्रदर्शन हॉलमध्ये असेल, किंवा पावसाळा असेल, तर सरळ घटिकापात्र करा. पुतणीनं तेच नेलं, काठ पाण्याला टेकल्यावर वाटी एकदम गुडुप होते ना, तेवढं बघायला पोरं घंगाळावर वाकून उभी होती.