खरखरीत अक्षरांचा संच: दुसरीच्या वर्गातून

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. वर्गातल्या एका मुलाला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे वाचायला-लिहायला शिकणं त्याला अवघड जातं. गोष्ट सांगायला बसला की सगळा वर्ग ऐकत राहतो, पण पुस्तक उघडलं की मान खाली. त्याच्यासाठी लाकडी पाट्यांवर सँडपेपरची अक्षरं चिकटवलेला हा संच पदरमोड करून मागवला.

खर्च सार्थकी लागला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवताना इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी अक्षरं बोटांनी गिरवून घेतली होती. त्यामागचं कारण आता रोज समोर दिसतं. डोळे मिटून तो ‘भ’ गिरवतो, सुरुवातीच्या गाठीपाशी बोट थांबतं आणि म्हणतो, “बाई, हा म नाही!” वहीत मात्र हीच दोन अक्षरं अजून अधूनमधून अदलाबदल होतात. वेळ लागणारच.

एक चूक मात्र अक्षम्य आहे. संचातल्या ‘ध’वर शिरोरेषा सलग दिली आहे, म्हणजे तो चक्क ‘घ’ झाला! ज्या मुलाचा नेमका इथेच गोंधळ होतो, त्याच्या हातात अशी पाटी कशी द्यायची? मी ब्लेडने रेघ खरवडून काढली. शिवाय काना, मात्रा, वेलांट्या संचात नाहीतच. त्यांच्याशिवाय वाचन पुढे सरकणार कसं?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, तेव्हा असं साहित्य खरं तर शाळेतच मिळायला हवं. तोवर जरूर घ्या, फक्त ‘ध’ आधी तपासा. खडूची धूळ बसली तर कोरड्या टूथब्रशने झटका, पाणी लावू नका.