११२ लावायचा की १४४१६?

ठाणे शहरातल्या वागळे इस्टेटच्या चाळीत एखादा पोरगा मध्यरात्री भांडी फेकू लागला, स्वतःशीच बडबडू लागला, की शेजारी आधी ११२ फिरवतात. गाडी येते, हे खरं. पण खाकी दिसली की घाबरलेला माणूस आणखी बिथरतो. दंडाला धरलं की झटापट, आणि मग चाळभर चर्चा. गंमत म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पोलिसांनीही अशा माणसाला कोठडीत न टाकता २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं असतं. वाट शेवटी दवाखान्याचीच, मग मधे पोलीस ठाणं कशाला?

१४४१६ म्हणजे टेलि-मानस, २०२२ पासूनची मोफत सरकारी सेवा, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. झोप कधीपासून उडाली, गोळ्या सुटल्यात का, हे घरच्यांना शांतपणे सांगता येतं. मात्र फोनवरचा माणूस दारात येत नाही, ही मोठी उणीव. जखम असेल, विष घेतलं असेल तर १०८. हातात कोयता असेल तर ११२च, तिथे उगाच तत्त्वज्ञान नको.

माझा कौल १४४१६ ला. ठाणे शहरात १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे. आणि दारात न येण्याची उणीव भरून काढायला परिचारिका आणि समुपदेशक घेऊन रात्री फिरणारी एक गाडी पालिकेच्या अर्थसंकल्पात बसायला हवी.