दांडिया बाजारातील आमच्या इमारतीत केबलचा अँप्लिफायर नव्याने बसवून घेताना

बडोद्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत यंदा उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणानंतर, तळमजल्यावरच्या घरांतील केबलचे चित्र चौकटी-चौकटींत फुटू लागले. आधी बोलावलेल्या कारागिराने काहीही न मोजता जिन्यात दुसरा अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारे यंत्र, बसवला आणि वरच्या मजल्यांवरील चित्रही बिघडले. त्यामुळे आम्ही रावपुऱ्यातील एका दुकानाकडे काम सोपवले. हे परीक्षण त्या दुकानाच्या सेवेचे आहे.

त्यांच्या तंत्रज्ञांनी पक्कड हातात घेण्यापूर्वी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत सिग्नल मीटरने मोजला, आणि मला याचेच मोल सर्वाधिक वाटते. पतंगाच्या मांजाने कापलेली गच्चीवरची तार कोणीतरी नुसती पिळून चिकटपट्टीने जोडली होती, त्यामुळे गच्चीजवळच्या मूळ अँप्लिफायरपाशी जेमतेम ४८ डीबी मायक्रोव्होल्ट (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) एवढाच सिग्नल पोहोचत होता. तो सांधा काढून, दोन्ही टोकांना एफ कनेक्टर (केबलच्या टोकाची धातूची जोडणी) दाबून बसवल्यावर तोच आकडा ७० झाला. अँप्लिफायर सिग्नलबरोबर त्यात मिसळलेला गोंगाटही वाढवतो, म्हणून मुळातला दुबळा सिग्नल कितीही मोठा केला तरी सुधारत नाही, हे त्यांनी आम्हाला मीटरवरच दाखवले. बडोद्यात २०१३ मध्ये केबल डिजिटल झाली. पूर्वी चित्राला हळूहळू मुंग्या येत, आता ते एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम कोसळते. तळमजला नेमका त्या मर्यादेवर होता.

जिन्यातला अँप्लिफायर त्यांनी काढून टाकला. आरजी-६ या केबलच्या नेहमीच्या तारेत वरच्या वारंवारतेचे सिग्नल अधिक क्षीण होतात, हे ध्यानात घेऊन गच्चीजवळच्या अँप्लिफायरचा इक्वलायझर (वरच्या-खालच्या वारंवारतांचा समतोल साधणारा भाग) त्यांनी शेवटच्या घरातील आकडे पाहत जुळवला, आणि सिग्नल परत उलटू नये म्हणून रिकाम्या टॅपांवर (घरांकडे फाटे काढणाऱ्या जोडण्यांवर) ७५ ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी टोपणे, लावले.

अर्थिंगची तार मात्र पहिल्या दिवशी राहून गेली. ती जोडायला चार दिवस लागले, हे मला पटले नाही. बिलातही कनेक्टर आणि मजुरी वेगळी दाखवायला हवी होती. तरीही काम मी निःशंकपणे चांगले म्हणेन. अँप्लिफायरच्या पेटीच्या झाकणामागे प्रत्येक मजल्याचे आकडे लिहिलेला कागद त्यांनी चिकटवला आहे. पुढच्या उत्तरायणानंतर आम्ही आधी झाकण उघडून तो कागद पाहू.