इंडियन, रामानुजन की अमेरिकन? गणिताच्या संस्थेचं सभासद होताना

हडपसरच्या एका कॉलेजात नुकतीच लागलेली माझी जुनी विद्यार्थिनी परवा फॉर्म घेऊनच घरी आली. त्यात 'व्यावसायिक संस्थांचे सदस्यत्व' असा रकाना, आणि तो कोरा. "सर, कुठलं घेऊ?" नुसता रकाना भरायचा असेल तर कुठलंही घे, म्हटलं. पण पैसे तुझ्या पगारातले जाणार, तर जरा बघून घेऊ.

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी वीसेक जणांना जमवून ती काढली. अडचण साधी होती: परदेशी नियतकालिकं एकट्यादुकट्या प्राध्यापकाला परवडत नसत. मग वर्गणी काढून ती मागवायची आणि टपालाने सभासदांत फिरवायची. हे ग्रंथालय होतं आपल्या फर्ग्युसनमध्ये, रँग्लर परांजपे तिथे प्राचार्य असताना. १९५० साली ते मद्रासला हललं. पुणेकर अजून हळहळतात; निदान मी तरी.

याच संस्थेच्या जर्नलमध्ये १९११ साली रामानुजन यांचा पहिला निबंध आला. त्याच वर्षी त्यांनी वाचकांना एक कोडंही घातलं: √(१ + २√(१ + ३√(१ + …))) याची किंमत काय? महिने गेले, कुणाचं उत्तर आलं नाही. उत्तर आहे ३. नऊ म्हणजे १ + २×४, म्हणून ३ = √(१ + २×४). त्यातला ४ म्हणजे √(१ + ३×५), ५ म्हणजे √(१ + ४×६), आणि असंच आत आत. एफवायची पोरं इथे खूश होतात. पण आत राहिलेलं शेपूट शेवटी त्रास देत नाही, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. परीक्षेत मी गुण कापतो ते नेमके तिथे.

आज या सोसायटीकडून तुला मिळण्यासारखं म्हणजे संशोधनाचं जर्नल, १९३३ पासूनचं 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' आणि दरवर्षी नव्या गावी भरणारं अधिवेशन. 'स्टुडंट' शिकवणाऱ्याच्या जास्त कामाचं. अधिवेशनात नवख्या माणसालाही निबंध वाचता येतो, आणि भीड चेपायला तेवढं पुरतं.

रामानुजन मॅथेमॅटिकल सोसायटी वयाने लहान, १९८५ची, तिरुचिरापल्लीत सुरू झालेली. तिचा कल संशोधनाकडे अधिक. पण पदवीच्या शिक्षकांसाठी ती शिबिरंही भरवते. पीएचडीला नाव घातलंस की इकडे वळ. विषय पक्का झाल्यावर हिची व्याख्यानमालेची पुस्तकं आणि जर्नल खरोखर उपयोगी पडतात. आज घेतलंस तर अंक गठ्ठ्यातच राहतील.

अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं नाव बायोडेटात भारदस्त दिसतं, खरं आहे. १८८८ साली न्यूयॉर्कपुरती निघालेली ती संस्था १८९४ मध्ये 'अमेरिकन' झाली. पण तिचं 'नोटिसेस' हे मासिक सभासद नसलेल्यालाही नेटवर फुकट वाचता येतं. आणि मॅथसायनेटसाठी, म्हणजे गणितातले निबंध आणि त्यांची परीक्षणं शोधायच्या तिच्या ऑनलाइन सूचीसाठी, सभासद व्हायचं डोक्यात असेल तर ते काढून टाक. त्याची वर्गणी विद्यापीठं आणि कॉलेजं भरतात, वैयक्तिक सदस्यत्वात ते येत नाही. शिवाय तिचा आपल्या दोन्ही संस्थांशी करार आहे, त्यामुळे इथल्या सभासदाला तिकडे सवलतीत घेतात. म्हणजे क्रमही ठरलाच: आधी इथलं, मग वाटलं तर तिथलं. डॉलरमधली फी दरवर्षी भरायची, हेही ध्यानात ठेव.

तेव्हा तुझ्यासाठी इंडियन सोसायटी, आणि वार्षिक नको, आजीवच घे. दरवर्षी आठवणीने पैसे भरणारा गणितवाला मी अजून पाहिला नाही.

आणि एक जागा या तुलनेत बसत नाही: लॉ कॉलेज रस्त्याजवळची भास्कराचार्य प्रतिष्ठान, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेली. गणित ऑलिंपियाड स्पर्धेच्या पोरांची तयारी तिथे चालते, व्याख्यानं होतात. अशा व्याख्यानाला मागच्या बाकावर तासभर बसलीस तरी वर्गात सांगायला काहीतरी घेऊन येशील. रकान्यात त्याची नोंद होणार नाही. आणि हडपसरहून रिक्षा करू नकोस, बसने जा.