दारूचं शिंग की शिकारी झोळी: जास्त टिकतं काय?

अठराव्या शतकातल्या अमेरिकेत ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याच्या अंगावर बहुधा दोन वस्तू असायच्या: बंदुकीच्या दारूचं शिंग आणि चामड्याची झोळी. टिकण्यात शिंग कितीतरी पुढे. गाईबैलाचं शिंग वजनाला हलकं, त्यात पाणी शिरत नाही, ठिणगी उडत नाही. तापवलं की मऊ होतं, हवा तो आकार घेतं. रुंद तोंडाशी लाकडी बूच खुंट्यांनी पक्कं बसवतात. १७५४ ते १७६३ च्या, उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज-फ्रेंच युद्धातल्या सैनिकांनी शिंगांवर नावं, किल्ले, नद्यांचे नकाशे कोरले. त्यामुळेच घरोघरी ती जपली गेली, आज संग्रहालयांत आहेत. मोठा वैरी म्हणजे केराटिन (शिंग ज्याचं बनतं ते प्रथिन) खाणारी कीड.

झोळीचं नशीब वेगळं. गोळ्या, गारगोटी, चिंध्या, अवजारं सगळं तिच्यात; पट्टा घासायचा, शिवण उसवायची, ओल्या चामड्याला बुरशी धरायची. फाटली की फेकली. म्हणून त्या काळातल्या अस्सल झोळ्या फार थोड्या उरल्यात, आणि मला तरी त्याच जास्त मोलाच्या वाटतात.

आज हाताने बनवलेली जोडी घ्यायची असेल, तर झोळीवर जास्त पैसे घाला: वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेलं चामडं, मेण लावलेला लिननचा दोरा, हातशिलाई. उसवली तर पुन्हा शिवता येते. चिरलेलं शिंग मात्र सांधणं कठीण.