सात महिने वापरल्यावर: मोजणीचा संच आणि एक विटकरी चकती

वस्तू किती प्रकारे मांडता किंवा निवडता येतात हे मुलांना शिकवणारा मोजणीचा संच आम्ही घेतला होता. गेल्या रविवारी त्या कंपनीकडून तिसरं पार्सल आलं. आत एकच लाकडी चकती होती. या वेळी ती खरोखर लाल निघाली, म्हणून आता लिहायला बसले. बॉक्समध्ये येतं ते असं: 6 रंगांच्या दोन-दोन अशा 12 चकत्या, 2 वर्कबुकं आणि व्हिडिओ. जूनमध्ये 1,490 रुपये मोजले.

पोरगी सहावीत. पाचवीच्या शिष्यवृत्तीत गणित चांगलं गेलं, तेव्हा क्लासचे सर म्हणाले की ऑलिम्पियाडकडे वळवायचं असेल तर मांडण्या आणि निवडी आधी हाताने करू दे, सूत्र मागाहून. आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा, आठवीपासून देता येते. तिथे चार पर्याय नसतात, 00 ते 99 मधली एक संख्या स्वतः भरायची. एक मांडणी दोनदा मोजली की उत्तर गेलंच.

नववा प्रश्न असा: दोन लाल आणि एक निळी चकती एका ओळीत किती प्रकारे मांडता येईल? मागे उत्तर 3. पोरीने 6 लिहिलं. मी चूक म्हटलं, तर तिने एकेक ओळ मांडून वहीत उतरवली आणि म्हणाली, "आई, ही लाल आहे आणि ही विटकरी." उजेडात नेऊन बघितलं तर खरंच विटकरी! तिच्या हातात जे होतं त्याचं उत्तर 6च. मग हिरव्या दोन घे म्हटलं, तर तिला एका हिरवीच्या लाकडात गाठ दिसली. पुढे आठवडाभर ती प्रत्येक जोडीत फरकच शोधत बसली.

कंपनीकडून फोनवर उत्तर मिळालं, "मॅडम, लाकूड आहे, शेड थोडी इकडेतिकडे होणारच." मी सांगलीच्या विश्रामबागेत ब्लाऊज शिवते. साडीला अस्तर जुळवण्यात माझा दिवस जातो, शेड मला कळते. खेळण्यातल्या ठोकळ्याला असा फरक चालेल. पण दोन वस्तू हुबेहूब असल्या तर काय होतं, हाच इथला धडा आहे. तीन आठवड्यांनी बदली चकती आली ती नारिंगीकडे झुकलेली, आणि कुरिअरचे 80 रुपये माझ्याकडून घेतले. ऑगस्टमध्ये मी दोनच स्टार दिले होते.

ते आता बदलते आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी लाइट गेली. पोरगी समईच्या उजेडात त्याच चकत्या घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "आई, आता या दोघी सारख्याच दिसतात. मग लाल-विटकरी-निळी आणि विटकरी-लाल-निळी ही एकच ओळ झाली की." तिने जुनी वही काढली आणि सहा ओळींच्या तीन जोड्या पेन्सिलीने बांधल्या. दोनाने का भागायचं, ते तिला तिथे समजलं. वर्कबुकात चौकटीत नुसतं सूत्र छापलंय, भागायचं कशासाठी याबद्दल एक ओळ नाही. त्यामुळे याचं श्रेय मी कंपनीला देणार नाही. पण वेगळ्या धरून मोजायच्या आणि मग सारख्या धरून भागायचं, हे त्या विटकरी चकतीशिवाय इतकं स्पष्ट झालं नसतं, हेही खरं.

मग घरभर शब्दांतली अक्षरं मांडणं सुरू झालं. 'बटाटा' मध्ये टा दोनदा, म्हणून 3. 'नवजीवन' मध्ये न दोनदा, व दोनदा: पाचही अक्षरं वेगळी धरून 120, भागिले 4, म्हणजे 30. तिसाच्या तीस तिने लिहून काढले, दोन वेळा चुकून.

दुसऱ्या वर्कबुकात भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं (1150) शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं देण्याचं उदाहरण आहे, उत्तर 36,28,800. चित्र सुरेख आहे. पण लीलावतीतच अंकपाश या प्रकरणात 2, 2, 1, 1 या अंकांच्या किती संख्या होतात हाही प्रश्न आहे (6), आणि 4, 8, 5, 5, 5 च्या किती (20), हे आम्हाला सरांकडून कळलं. सारख्या वस्तूंवरच्या पानावर हीच उदाहरणं हवी होती. मोठा आकडा बघून मूल डोळे विस्फारतं, पण ते 36 लाख ओळी लिहून बघू शकत नाही. सहा बघू शकतं.

निवडीचे प्रश्न चांगले आहेत, तिथे चकत्या लागल्याच नाहीत. आम्ही भडंगावर केले. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, प्रत्येक घ्यायचं किंवा नाही: 16 प्रकार. आधी काय घातलं याला इथे महत्त्व नाही, हे तिने कालवता कालवताच सांगितलं. नुसतं भडंग मोजायचं का यावर सासूबाईंशी वाद झाला. त्या 15 वर ठाम होत्या.

व्हिडिओ ठीक. आवाज लहान येतो.

आता वर्कबुकांना चार स्टार, चकत्यांना दोनच. वर्कबुकं वेगळी विकत असतील तर तेवढीच घ्या आणि गणपती पेठेतून बटणांची दोन-तीन पानं आणा. एका पानावरची बटणं एकाच लॉटची असतात, शेड हलत नाही, आणि खर्च शंभराच्या आत. पूर्ण संच घेतलाच तर बॉक्स उघडल्याबरोबर सगळ्या जोड्या दारात, उन्हात धरून बघा. बदलून मागायची मुदत 7 दिवसांचीच आहे, आणि आम्ही नवव्या प्रश्नापर्यंत पोचलो तेव्हा अकरावा दिवस होता.