मार्क्सन : संगणकप्रणाली चांगली, पण डोळे उघडे ठेवून वापरावी

निसर्गासाठी जमिनीचे वा समुद्राचे कोणते तुकडे राखावेत हे ठरवण्यास मदत करणारी मार्क्सन ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात इयान बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी घडवली असून ती मोफत मिळते. ग्रेट बॅरिअर रीफ या तिथल्या प्रवाळखडकांच्या पट्ट्यातील संरक्षित क्षेत्रांच्या फेरआखणीत तिची मदत घेतली गेली. प्रत्येक जैवप्रदेशाचा, म्हणजे सारखी जीवसृष्टी असलेल्या भागाचा, किमान २० टक्के भाग राखण्याचे तत्त्व तेथे होते आणि २००४ मध्ये मासेमारीस पूर्ण बंदी असलेले क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते ते सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. अंतिम रेषा अर्थातच माणसांनीच, मच्छीमारांच्या हरकती ऐकून आखल्या.

प्रणालीची खरी गंमत निवडलेल्या तुकड्यांच्या सीमेच्या एकूण लांबीला दिलेल्या गुणकात, म्हणजे तिला किती महत्त्व द्यायचे त्या आकड्यात आहे. तो शून्य ठेवला की स्वस्तात उद्दिष्ट गाठणारे तुकडे नकाशाभर विखुरतात. हळूहळू वाढवला की ते एकमेकांना चिकटू लागतात आणि खर्चही चढतो. मात्र चिकटलेले तुकडे म्हणजे जोडलेले अधिवास नव्हेत, कारण प्रवाळांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरच्या खडकांवर जाऊन रुजतात, आणि ते नाते निव्वळ सीमा मोजून कळत नाही. त्यासाठी प्रवाहांची माहिती वेगळी भरावी लागते.

ही सगळी माहिती भरण्यासाठी साध्या मजकुराच्या फायली हाताने जुळवणे कंटाळवाणे आहे, आणि दर वेळी उत्तर थोडे वेगळे येत असल्याने नवख्याने पहिल्याच उत्तरावर विसंबू नये: प्रणाली शंभर वेळा चालवून कोणता तुकडा वारंवार निवडला जातो, तेच पाहावे.